काळ्या-पांढऱ्या पट्ट्या कुणाच्या? पोर्ट अ‍ॅडलेडच्या जर्सीचं प्रकरण

ऑस्ट्रेलियन फुटबॉल, ज्याला इकडे सगळे नुसतं 'फुटी' म्हणतात, त्यातलं हे जर्सीचं भांडण बरेच दिवस सविस्तर लिहायचं डोक्यात होतं. ऑस्ट्रेलियात राहणारे आपले बरेच मराठी लोक आता फुटी बघतात, पोरं तर शाळेत खेळतातच, पण अ‍ॅडलेडमध्ये कुणी 'प्रिझन बार' म्हटलं की समोरचा माणूस एवढा का पेटतो हे नव्याने आलेल्याला काही केल्या कळत नाही. वरवर बघितलं तर पोर्ट ह्या तिथल्या क्लबला वर्षातून एकदोनदा 'प्रिझन बार' नावाची आपली जुनी जर्सी घालायची होती आणि कॉलिंगवूड हा मेलबर्नचा क्लब नको म्हणत होता, एवढंच आहे. पण आत शिरलं की दोन पूर्ण वेगळे प्रश्न एकमेकांत अडकलेले दिसतात आणि लीगने ते कधी नीट सुटे केलेच नाहीत, माझ्या मते सगळा घोळ तिथे आहे.

आधी थोडी ओळख, ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी. एका टीमचे १८ जण मैदानात, मैदान अंडाकृती आणि क्रिकेटच्या ग्राउंडएवढं, कारण बऱ्याचदा ते क्रिकेटचंच ग्राउंड असतं. ऑफसाइड नाही. दोन्ही टीमचे खेळाडू सगळीकडे मिसळलेले, कोण कुठून येऊन धडकेल ते सांगता येत नाही. वर चार खांब, मधल्या दोनमधून लाथ मारली तर गोल म्हणजे ६ गुण, बाजूच्या फटीतून गेला तर १ गुण. बिनबाह्यांची जर्सी असते, तिला गर्न्झी किंवा जंपर म्हणतात, मी इथे जर्सीच म्हणतो. सगळ्यात मोठी लीग एएफएल, जी १९९० पर्यंत व्हीएफएल होती, म्हणजे व्हिक्टोरिया राज्याची, खरं तर मेलबर्न आणि आसपासची लीग. १९९० ला नाव बदलून 'ऑस्ट्रेलियन' केलं आणि तोपर्यंत वेस्ट कोस्ट, ब्रिस्बेन असे बाहेरचे क्लब आलेलेही होते, पण मुळात घर मेलबर्नवाल्यांचं आणि बाकीचे नंतर आलेले. हे लक्षात ठेवा, पुढे फार उपयोगी पडतं.

आता दोन पक्ष.

पोर्ट अ‍ॅडलेड हा क्लब १८७० चा. अ‍ॅडलेडच्या बंदराचा भाग, गोदीतल्या कामगारांचा. सुरुवातीला निळा-पांढरा, मग मजेंटा असे रंग घालायचे. तो मजेंटा रंग टिकेना आणि तशा जर्सी मिळणंही अवघड झालं म्हणून १९०२ ला काळा-पांढरा घेतला. छातीवर काळी पट्टी आणि तिच्याखाली पांढऱ्या उभ्या पट्ट्या, अशी ती जर्सी. बंदराच्या धक्क्याखाली पाण्यात उभे असलेले लाकडी खांब, तसं ते चित्र आहे असं सांगतात, आणि तुरुंगाच्या गजांसारखं दिसतं म्हणून लोकांनी नाव पाडलं प्रिझन बार. टीमचं टोपणनाव मॅगपाय, तो इकडचा काळा-पांढरा पक्षी. याच जर्सीत १९१४ चा सीझन पोर्ट एकही मॅच न हरता जिंकलं आणि त्या वर्षी 'चॅम्पियन ऑफ ऑस्ट्रेलिया' सुद्धा झालं. साउथ ऑस्ट्रेलियाच्या राज्य लीगमध्ये, म्हणजे एसएएनएफएलमध्ये, पोर्टची एकूण ३६ विजेतेपदं आहेत. फॉस विल्यम्स, जॅक केहिल, रसेल एबर्ट ही नावं तिकडे देवासारखी घेतात. एबर्टने राज्य लीगचं सर्वोत्तम खेळाडूचं मॅगरी मेडल ४ वेळा घेतलं आणि चारही वेळा अंगावर ह्याच पट्ट्या होत्या.

कॉलिंगवूड हा मेलबर्नचा क्लब, १८९२ चा. तोही कामगार वस्तीतला, तोही काळा-पांढरा, तोही मॅगपाय. फक्त त्यांच्या पट्ट्या गळ्यापासून खालपर्यंत सरळ उभ्या. १८९७ ला व्हीएफएल सुरू झाली तेव्हाच्या आठ क्लबांपैकी एक. ऑस्ट्रेलियातल्या सगळ्यात मोठ्या, सगळ्यात श्रीमंत आणि इतरांना सगळ्यात नकोशा क्लबांपैकी एक, म्हणजे ज्यांचा नाही त्यांना तो हरलेला बघायचा असतो असा.

म्हणजे क्लब म्हणून पोर्ट २२ वर्षांनी मोठा, पण काळा-पांढरा कॉलिंगवूडचा १० वर्षं आधीचा. आणि ही तुलना जवळपास शंभर वर्षं कुणाला करावीच लागली नाही, कारण दोघं वेगळ्या राज्यात, वेगळ्या लीगमध्ये, अधूनमधून भेटले तरी कुणाचं काही बिघडत नव्हतं.

मग एकाच लीगमध्ये आल्यावर काय झालं

१९९० ला पोर्टने एकट्याने जाऊन एएफएलशी बोलणी केली. बाकीच्या साउथ ऑस्ट्रेलियन क्लबांना हा विश्वासघात वाटला, प्रकरण कोर्टात गेलं, आणि राज्य लीगने घाईघाईने स्वतःची एक नवी टीम उभी केली, अ‍ॅडलेड क्रोज, जी १९९१ पासून एएफएलमध्ये खेळायला लागली. पोर्टवाल्यांच्या दृष्टीने क्रोज म्हणजे आपल्याला अडवायला जन्माला घातलेली टीम. हा राग अजून गेलेला नाही आणि म्हणूनच ह्या दोघांच्या मॅचला, शोडाऊन म्हणतात तिला, एवढं महत्त्व आहे.

राज्यातल्या दुसऱ्या टीमचं लायसन्स पोर्टला १९९४ च्या डिसेंबरमध्ये मिळालं. पण जागा रिकामी व्हायची वाट बघत बसावं लागलं, ती फिट्झरॉय क्लब १९९६ च्या शेवटी ब्रिस्बेनमध्ये विलीन झाला तेव्हा झाली. १९९७ ला पोर्ट एकदाचं आत आलं. पण कॉलिंगवूड आधीपासून मॅगपाय आणि काळं-पांढरं असल्यामुळे पोर्टला नाव बदलावं लागलं, 'पॉवर' झालं, आणि काळ्या-पांढऱ्यात टील, म्हणजे तो हिरवट निळा, आणि चंदेरी रंग घालावा लागला. आणि पहिलीच मॅच कुणाशी? २९ मार्च १९९७, मेलबर्न क्रिकेट ग्राउंड, समोर कॉलिंगवूड. पोर्ट ७९ गुणांनी हरलं. त्याच एप्रिलमध्ये पहिला शोडाऊन मात्र ११ गुणांनी जिंकलं, ते पोर्टवाले आजही सांगतात.

इथे एक गोष्ट मी पोर्टच्या बाजूचा असूनही सांगायलाच पाहिजे. हे टील पोर्टवर कुणी रात्रीतून लादलं नव्हतं. आत यायची किंमत काय आहे ते माहीत होतं आणि क्लबने ती मान्य केली. कॉलिंगवूडचे अनेक वर्षांचे अध्यक्ष एडी मॅग्वायर (१९९८ ते २०२१) सतत हाच मुद्दा मांडायचे की तुम्ही अट मान्य करून आलात, आता मागे फिरू नका, ह्या लीगमध्ये काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा मॅगपाय एकच. ह्यात तथ्य नाही असं म्हणणं खोटेपणा होईल. पण ज्याच्याकडे दुसरा पर्यायच नव्हता त्याने दिलेला होकार किती वर्षं आणि किती बाबतीत धरून ठेवायचा, हाही प्रश्न आहेच ना.

त्यात भर म्हणजे ती जर्सी कधी मेलीच नाही. पोर्टची राज्य लीगमधली टीम मॅगपाय नावाने खेळतच राहिली, आणि २०१४ पासून तर एएफएल टीमचे राखीव खेळाडू त्याच राज्य टीमकडून खेळतात. म्हणजे एखादा पोरगा शनिवारी राज्य लीगमध्ये प्रिझन बार घालून चांगला खेळला की पुढच्या आठवड्यात त्याला एएफएलमध्ये बढती मिळते आणि तिथे त्याच क्लबकडून खेळताना ती जर्सी काढून टीलवाली घालावी लागते. दुरून नवल वाटेल, अल्बर्टनच्या, म्हणजे पोर्टच्या जुन्या घरच्या ग्राउंडवर येणाऱ्या म्हाताऱ्यांना मात्र हे रोज टोचतं.

डोळ्यांचा प्रश्न

आता जर्सी क्लॅश, म्हणजे दोन टीमच्या जर्सी मैदानात सारख्या दिसणं, हे नक्की काय ते जरा खोलात बघू, कारण वाद घालणारे बहुतेक लोक इथे पटकन पुढे जातात.

फुटीमध्ये क्लॅशचा त्रास सॉकरपेक्षा जास्त होतो. ऑफसाइड नसल्यामुळे आपली माणसं ह्या बाजूला आणि त्यांची त्या बाजूला असं काही नसतं, ज्याच्या हातात बॉल आहे त्याच्यावर कुठूनही माणूस येऊन पडतो, आणि तो पडायच्या आत त्याला मान वर करून ४०-५० मीटरवरचा आपला माणूस शोधून लाथ मारायची असते. त्याला चेहरा दिसत नाही, नंबर दिसत नाही, दिसतो तो एक हलणारा ठिपका, तो गडद की फिका एवढंच. नजरेच्या कडेला आपल्याला रंग फारसा कळतच नाही, उजेड-अंधार कळतो आणि हालचाल कळते. म्हणून काळा आणि नेव्ही ब्लू हे कागदावर वेगळे रंग असले तरी मैदानावर, त्यात संध्याकाळची अर्धी सावली आणि अर्धे लाइट अशा वेळी, एकच. एसेंडनच्या काळ्या जर्सीवर लाल तिरका पट्टा आणि रिचमंडच्या काळ्या जर्सीवर पिवळा तिरका पट्टा, फॅनला त्यात जमीन-अस्मानाचा फरक दिसतो पण धावत्या माणसाला दोन्ही नुसत्या काळ्या. पुरुषांमध्ये साधारण १२ त एकाला लाल-हिरव्यात गडबड होते, ती वेगळीच.

उभ्या पट्ट्यांचा अजून एक प्रकार आहे. जवळून पट्ट्या ठळक दिसतात, लांबून काळं-पांढरं मिसळून करडं होतं. त्यामुळे कॉलिंगवूडच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या आणि नॉर्थ मेलबर्नच्या निळ्या-पांढऱ्या पट्ट्या समोरासमोर आल्या की टीव्हीवर वरच्या कॅमेऱ्यातून बघताना खरंच त्रास होतो. म्हणून लीगने क्लबांना पाहुणी टीम असताना वेगळी, शक्यतो फिकी जर्सी घालायला लावली. आधी नुसती चड्डी बदलून भागवायचे, घरच्या टीमची गडद आणि पाहुण्यांची पांढरी, पण कमरेच्या वर काही फरक पडत नव्हता. जुन्या मेलबर्न क्लबांनी ह्या दुसऱ्या जर्सीला बराच विरोध केला आणि कॉलिंगवूडने तर दुसरी जर्सी म्हणून फक्त काळ्या-पांढऱ्याचं प्रमाण उलटं केलं, काळ्यावर पांढऱ्याऐवजी पांढऱ्यावर काळ्या पट्ट्या, बाहेरचा रंग एकही येऊ दिला नाही. मला ह्यात त्यांचा रागही येतो आणि आदरही वाटतो. राग अशासाठी की खेळणाऱ्याच्या डोळ्याला मदत झाली पाहिजे आणि ह्या उलटापालटीने ती थोडीच होते. आदर अशासाठी की जो क्लब स्वतःच्या रंगाला एवढा जपतो त्याला तरी पोर्टचं दुखणं कळायला हवं.

आणि रंग कधी बदलतच नाहीत असंही नाही. पहिल्या महायुद्धात सेंट किल्डाचे लाल-पांढरा-काळा हे रंग जर्मन साम्राज्याच्या झेंड्याचे निघाले, तर त्यांनी १९१५ ला पांढरा काढून पिवळा घातला, म्हणजे दोस्त बेल्जियमचे रंग केले, आणि युद्धानंतर परत मूळचे घेतले. १९७५ ला ऑस्ट्रेलियात रंगीत टीव्ही आला तेव्हा मेलबर्न क्लबने स्वतःचा गडद निळा सोडून उजळ निळा घेतला, पुढे बारा-एक वर्षांनी परत गडदवर आले. म्हणजे कारण पटलं तर क्लब रंग सोडतो, आणि कारण संपलं की परत मागतो. पोर्टची मागणी ह्याच प्रकारातली आहे.

आता मुद्द्याची गोष्ट, ह्या प्रकरणात माझ्या मते सगळ्यात जास्त सांगून जाणारी. २०१४ ची एलिमिनेशन फायनल, म्हणजे हरलं की बाहेर अशी सीझनच्या शेवटची मॅच. पोर्टची घरची मॅच, अ‍ॅडलेड ओव्हलवर, समोर रिचमंड. दोन्ही टीम काळ्या. लीगने पोर्टला सांगितलं की तुमची नेहमीची काळी जर्सी चालणार नाही, क्लॅश होतोय, दुसरी घाला. घरच्या मैदानात फायनल आणि आपणच कपडे बदलायचे, ह्यावर अ‍ॅडलेडमध्ये केवढा आरडाओरडा झाला. तेव्हा पोर्टने विचारलं, मग प्रिझन बार घालू का? आणि लीगने हो म्हटलं. पोर्ट ५७ गुणांनी जिंकलं. पहिल्या क्वार्टरमध्येच मॅच संपली होती, खरं सांगायचं तर.

जरा थांबून बघा काय झालं ते. क्लॅश टाळायचा म्हणून ही जर्सी आली. पोर्टच्या नेहमीच्या जर्सीपेक्षा हिच्यात पांढरं जास्त आहे म्हणून ती क्लॅशवरचा उपाय म्हणून चालली. मग २०२१ ला क्रोजविरुद्ध लीगने तीच जर्सी नाकारली (ते पुढे सांगतो), ती का चालली नाही? क्रोजची जर्सी नेव्ही ब्लू, लाल आणि पिवळ्या आडव्या पट्ट्यांची. काळ्या-टील पोर्टपेक्षा प्रिझन बारमधलं पोर्ट क्रोजपासून उलट जास्त वेगळं दिसतं, निदान समोरून तरी, पाठ काळीच असते. डोळ्यांचा प्रश्न असता तर त्या मॅचला लीगनेच ती घालायला सांगायला हवी होती.

म्हणजे प्रश्न डोळ्यांचा नव्हताच. ज्या मॅचला कॉलिंगवूड मैदानातच नाही त्या मॅचला कॉलिंगवूडशी क्लॅश कसा होईल? तो प्रश्न मालकीचा होता. ह्या देशपातळीवरच्या लीगमध्ये काळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्या म्हणजे कोण, हा. आणि तो प्रश्न विचारायला काहीच हरकत नाही, पण तो मालकीचाच म्हणून विचारा, डोळ्यांच्या नियमाआड नको.

२०१९ ते २०२३

हा भाग पेपरात भरपूर येऊन गेलाय म्हणून पटकन सांगतो. २००३ पासून लीगने हेरिटेज राउंड सुरू केला, जुन्या जर्सी घालायचा, तेव्हा पोर्टने प्रिझन बार घातली होती. पुढे ही जर्सी फक्त अशा खास राउंडपुरती असं काहीतरी आपसात ठरलं होतं असं कॉलिंगवूडचं म्हणणं, आणि मग लीगने हेरिटेज राउंडच बंद केला, म्हणजे जी फट होती तीही बुजली. २०२० ला पोर्टला १५० वर्षं पूर्ण होणार म्हणून क्लबने आधीच्या वर्षी मागणी केली, मॅग्वायर जाहीरपणे विरोधात गेले, बरीच ओढाताण होऊन शेवटी शोडाऊनपुरती परवानगी मिळाली. ती मॅच जून २०२० मध्ये झाली, कोविडमुळे स्टेडियममध्ये फक्त सव्वादोन हजाराच्या आसपास लोक, पन्नास हजारांच्या जागी. ज्यांनी वीस-पंचवीस वर्षं ह्या दिवसाची वाट बघितली त्यातल्या बहुतेकांनी ती मॅच घरी सोफ्यावर बसून बघितली. पोर्ट ७५ गुणांनी जिंकलं.

२०२१ ला पोर्टने परत मागितली. मॅग्वायर तोपर्यंत पायउतार झाले होते, पण कॉलिंगवूडची भूमिका तीच राहिली आणि लीगने नाही म्हटलं, मागच्या वर्षीची परवानगी एकदाचीच होती म्हणून. परवानगी नसताना घातली तर विजयाचे लीग टेबलमधले चार गुण जाऊ शकतात इथपर्यंत गोष्ट गेली होती. पोर्टचे खेळाडू काळ्या-टीलमध्ये खेळले, जिंकले, आणि ड्रेसिंग रूममध्ये जाऊन सगळ्यांनी प्रिझन बार अंगात चढवली आणि क्लबचं गाणं म्हटलं, टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर. नियम मोडला नाही आणि जे सांगायचं ते सांगितलं. मला विचाराल तर ह्या पूर्ण प्रकरणात पोर्टने केलेली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट ही. पोर्टचे तेव्हाचे चेअरमन डेव्हिड कॉश ह्यांनी मीडियात जेवढी भाषणं दिली त्या सगळ्यांपेक्षा त्या दोन मिनिटांनी जास्त काम केलं, कारण सगळ्या देशाने बघितलं की ह्या पोरांना, ज्यांतले बरेच साउथ ऑस्ट्रेलियाचे सुद्धा नाहीत, ह्या कपड्याचं काय वाटतं.

२०२३ पासून पोर्ट शोडाऊनमध्ये प्रिझन बार घालतं.

कॉलिंगवूडची बाजू, प्रामाणिकपणे

मला पोर्टचं बरोबर वाटतं हे एव्हाना कळलंच असेल, पण कॉलिंगवूडला नुसतं हटवादी म्हणून सोडून देणं मला पटत नाही. त्यांची भीती खरी आहे. आज वर्षातून एकदोनदा, उद्या सगळ्या घरच्या मॅचेसना, परवा टोपणनावही मॅगपाय, असं होत गेलं तर लीगमध्ये दोन काळे-पांढरे पट्टेवाले मॅगपाय होतील. सिडनीत किंवा ब्रिस्बेनमध्ये नव्याने फुटी बघायला लागलेल्या माणसाला, नाहीतर आपल्यासारख्या बाहेरून आलेल्याला, कोण कुठला ते कळणार नाही. जर्सी विकून क्लबला पैसा मिळतो हेही आहे. आणि पोर्टच्या बाजूने सुद्धा मोठमोठे लोक अधूनमधून बोलून जायचे की आम्हाला कायमचीच पाहिजे, त्याने समोरच्याच्या भीतीला खतपाणीच मिळालं. ठराविक मॅचची मागणी करायची आणि फॅन्ससमोर कायमचीची भाषा करायची, हे पोर्टचं चुकलंच.

पण मालकी म्हणायचं तर ती कुठपर्यंत? रंग दोन, पट्ट्यांची दिशा एक, पक्षी एक, एवढ्यावर एका क्लबचा हक्क पूर्ण देशभर चालायचा का, जेव्हा दुसऱ्या क्लबनेही तो शंभर वर्षं आपल्या राज्यात तितक्याच मानाने वापरलाय? व्हीएफएल मोठी होऊन एएफएल झाली म्हणून व्हीएफएलचा इतिहास आपोआप राष्ट्रीय इतिहास झाला आणि बाकी राज्यांचा 'लोकल' झाला, हे मुळात दुखणं आहे. पोर्टच्या राज्य लीगमधल्या ३६ विजेतेपदांना एएफएलच्या रेकॉर्डमध्ये जागा नाही, तिथे फक्त २००४ चं एक दिसतं, मार्क विल्यम्स कोच असतानाचं, ब्रिस्बेनला ४० गुणांनी हरवलं तेव्हाचं. हा मार्क त्याच फॉस विल्यम्सचा मुलगा. बाप पट्ट्यांत जिंकला, मुलगा टीलमध्ये जिंकला, आणि रेकॉर्डला फक्त मुलगा माहीत.

आपल्याकडे वारीत प्रत्येक दिंडीची पताका भगवीच असते, तरी एका दिंडीने दुसरीला तुझी पताका खाली कर असं म्हटलेलं मी ऐकलं नाही, कारण तिथे दिंडीची ओळख रंगापेक्षा तिच्या जागेवरून आणि नंबरवरून ठरते. फुटीत ते शक्य नाही, मैदानात एका वेळी दोनच टीम आणि फक्त कपड्यावरूनच ओळख, हे मला मान्य आहे. पण जिथे ते दोघं एकमेकांसमोर उभेच नाहीत तिथे तरी एवढं मन मोठं करता आलं असतं.

आणि ही दोन घरं एकमेकांना अगदीच परकी नाहीत. ग्रेग फिलिप्स हा खेळाडू पोर्टकडून खेळला, मग ८० च्या दशकात काही वर्षं कॉलिंगवूडकडून, आणि परत पोर्टकडे. दोन्हीकडे काळं-पांढरंच घातलं. त्याची मुलगी एरिन फिलिप्स २०२२ ला पोर्टच्या बायकांच्या टीमची पहिली कॅप्टन झाली. दोन्ही जर्सींवर सारखं प्रेम केलेली माणसं आहेत, त्यांना कुणी वाटाघाटीला बसवलं असतं तर बरं झालं असतं असं मला फार वाटतं.

लीगने काय करायला हवं होतं

माझं म्हणणं असं आहे की एएफएलने पहिल्या दिवसापासून दोन वेगळ्या वह्या ठेवायला हव्या होत्या. एक वही डोळ्यांची. त्यात परंपरा वगैरे काही नाही, मॅचला कोण समोर आहे, दिवसा की लाइटमध्ये, वरच्या कॅमेऱ्यातून कसं दिसतं, अंपायरना आणि खेळाडूंना काय वाटतं, एवढंच बघायचं आणि ते कॉलिंगवूडला सुद्धा तेवढ्याच कडकपणे लावायचं जेवढं ते छोट्या क्लबांना लावतात. ह्या वहीप्रमाणे प्रिझन बार कॉलिंगवूडविरुद्ध कधीच चालणार नाही, नॉर्थ मेलबर्नविरुद्ध बहुतेक नाही, आणि क्रोज, रिचमंड, एसेंडनविरुद्ध आरामात चालेल.

दुसरी वही वारशाची. तिच्यात कोण कधी आत आलं, काय सोडून आलं, कुठल्या मॅचला काय घालणार, किती वर्षांसाठी, हे लेखी आणि सगळ्यांना वाचता येईल असं. ह्या प्रकरणात जे काही ठरलं ते बंद दाराआड ठरलं, एकाने म्हणायचं तुम्ही सही केली होती, दुसऱ्याने म्हणायचं ती वेगळ्या गोष्टीसाठी होती, आणि फॅन्स वर्षानुवर्षं एकमेकांना शिव्या देत बसले. आणि परवानगी लीगने द्यायची, कॉलिंगवूडकडून मागून आणायला लावायची नाही. एका क्लबच्या इतिहासाची चावी दुसऱ्या क्लबच्या अध्यक्षाच्या खिशात ठेवली की तो कितीही भला माणूस असला तरी त्याला स्वतःच्या मेंबरांना तोंड द्यायचं असतं, तो नाहीच म्हणणार.

शोडाऊनची सोय झाली म्हणून प्रकरण मिटलं असं मी धरत नाही. उद्या फायनल्समध्ये पोर्ट आणि क्रोज समोरासमोर आले तर तो शोडाऊन धरायचा का? बायकांच्या टीमला कुठला नियम? २०१४ सारखी परत काळ्याला काळी टीम आली आणि लीगने पोर्टला बदला म्हटलं तर परत प्रिझन बार चालणार का? ह्या तीन गोष्टी आत्ता, कुठलीही मॅच तोंडावर नसताना आणि कुणी पेटलेलं नसताना, कागदावर घेऊन टाकायला पाहिजेत. फायनलच्या आठवड्यात जर्सीवर चर्चा करायला बसलं की काय होतं ते अ‍ॅडलेडने एकदा बघितलंय.

आणि मेलबर्नमध्ये राहून कॉलिंगवूडला सपोर्ट करणारे मराठी मित्र हे वाचत असतील तर त्यांना विचारतो, तुम्हाला समजा कुणी सांगितलं असतं की लीगमध्ये राहायचंय तर काळ्या-पांढऱ्यात टील घाला, तर तुमच्या क्लबने किती दिवस ऐकून घेतलं असतं? पोर्टने सव्वीस वर्षं ऐकलं.